चाळीस पायजम्यांच्या नाड्या

सुनावणीच्या दिवशी सकाळी ताईनं दोनदा केस विंचरले. पहिल्यांदा झाल्यावर आरशात बघितलं, म्हणाली, "नको, मास्तरीण दिसतेय," आणि सगळे सोडून परत विंचरायला बसली. धाकटी शिलाई मशीनवर बसून बघत होती. मशीनमध्ये कापड होतं, पाय पायपट्टीवर होता, पण अर्ध्या तासात शिवण बोटभर पुढे सरकली नव्हती.

कारण केस झाले की ताई माळ्यावरची गोणी मागणार होती. आणि त्या गोणीत काय नाही, ते फक्त धाकटीला माहीत होतं.

दोघी सख्ख्या बहिणी. थोरलीनं लग्नच केलं नाही, धाकटीचा नवरा लवकर गेला, म्हणून दोघी एका छपराखाली राहायच्या. थोरलीला सगळी गल्ली ताईच म्हणायची, अगदी तिच्याहून वयानं मोठ्या बायासुद्धा. घराला लागून एक जुनी गोदामाची खोली होती. कामावर जाणाऱ्या बाया सकाळी आपली पोरं तिथं ताईकडं सोडायच्या आणि कामावरून सुटल्या की न्यायच्या. तीन महिन्यांच्या तान्ह्यापासून सहा वर्षांच्या वांडापर्यंत, एका वेळी वीस-पंचवीस पोरं. धाकटी पुढच्या खोलीत शिवणकाम करायची, दवाखान्याचं जास्त करून. पायजमे, चादरी, उशांचे अभ्रे. भिंतीच्या पलीकडून रडारड सुरू झाली की ती मशीन जोरात मारायची. ताई ओरडायची, "अगं, तुझ्या मशीननं झोपलेलं उठतंय." धाकटी म्हणायची, "आणि तुझ्या पोरांनी माझी सुई मोडतेय."

ताईची एक खोड होती. दर सहा महिन्यांनी ती प्रत्येक पोराला दाराच्या चौकटीला टेकवून उभं करायची, उभं राहता येत नसेल तर चटईवर सरळ झोपवायची. नाडीचं टोक पोराच्या टाचेखाली धरायचं, नाडी वर ताणायची, आणि डोकं संपतं तिथं गाठ मारायची. सहा महिन्यांनी त्याच नाडीवर पुढची गाठ. एका पोराची एक नाडी. नाडीच्या टोकाला त्या पोराच्या जुन्या झबल्याचा चिंधीएवढा तुकडा शिवलेला, कुणाची ते कळावं म्हणून. नाव लिहून उपयोग नव्हता, निम्म्या आयांना वाचता येत नव्हतं, आणि ताई स्वतःही वाचायला लागली की बोट धरून वाचायची.

कागदावर रेघा मारायचा तक्ता एकदा आरोग्यवाल्यांनी दिला होता. ताईनं तो खिडकीला उन्हासाठी लावला. "कागद दाखवला की बाई मान हलवते आणि जाते," ती म्हणायची. "नाडी हातात दिली की बाई खाली बसते." ते खरंच होतं. वर्षाच्या आसपासच्या पोराच्या दोन गाठींमध्ये तीन बोटं मावायला पाहिजेत. ताई आईचा हात धरून तिचीच बोटं गाठींमध्ये ठेवायची. एकच बोट मावलं की बाई गप्प व्हायची. मग ताई विचारायची, पोटात काय जातंय, जुलाब कधी झाले, पाणी उकळतेस का, घरी दिवसभर कोणी बोलतं का त्याच्याशी. रागावायची नाही. नुसती विचारायची.

पोर सहा वर्षांचं होऊन शाळेत गेलं की त्याची नाडी भिंतीवरच्या खिळ्यावरून उतरायची आणि गोणीत जायची. अशा त्रेचाळीस नाड्या जमल्या होत्या. टाचेपासून डोक्यापर्यंत, पहिल्या वर्षापासून सहाव्यापर्यंत, सगळ्या गाठींसकट.

आता ह्या नाड्या यायच्या कुठून, तर धाकटीच्याच रिळावरून. "माझ्या नाड्या नेतेस आणि पोरांना बांधतेस," ती कुरकुरायची. ताई म्हणायची, "तुझे पायजमे कुणाच्या लक्षात राहणारेत?" ही रोजची चेष्टा होती. कुणी मनावर घ्यायचं नाही.

आणि सुनावणी ज्या आयोगाची होती त्याचं म्हणाल, तर ते अकरा वर्षं चाललं होतं. ताईला कुणीतरी सांगितलं होतं की दुसऱ्या एका गावात पालिकेनं लहान पोरांसाठी वेगळा आयोग नेमलाय. तिथं दवाखानेवाले, पाणीवाले, शाळावाले, सगळे एका टेबलाशी बसतात आणि पोराचं एकत्र बघतात. नाहीतर एरवी पोराला जुलाब झाले की दवाखाना म्हणतो पाणी खराब आहे, पाणीवाले म्हणतात नळ आमचा पण टाकी त्यांची, आणि शाळा म्हणते सहा वर्षांचं झालं की आणा. ताईच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलं. महिन्यातून एकदा, पोरं एका आईच्या हवाली करून, ती पालिकेत अर्ज द्यायला जायची. चपला झिजल्या. आवक-जावकचा कारकून आधी तिला बघून टेबलाखाली काहीतरी शोधायला लागायचा. पुढं पुढं तोच तिला खुर्ची द्यायला लागला, अर्जात कुठं काय लिहायचं ते सांगायला लागला.

धाकटी ह्या सगळ्याला हसायची. वाईट मनानं नाही. पण हसायची. ताई पालिकेतून आली की विचारायची, "काय, झाला का आयोग? का अजून खुर्च्या पुसतायत?" पालथ्या घड्यावर पाणी आहे हे, असं तिचं पक्कं मत होतं. आणि हीच तिची चूक. नाड्यांची चूक त्याच्यातूनच पुढं झाली.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. दवाखान्याचे चाळीस पायजमे द्यायचे होते. शिवून झाले, घड्या झाल्या, आणि रीळ संपलं. नाडीवाला दुकानदार गावाला गेलेला, दुकानाला कुलूप. दवाखान्याची गाडी दारात येऊन उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. ताई पोरांना घेऊन मागच्या अंगणात. धाकटीनं वर बघितलं. माळ्यावर गोणी.

तिला माहीत नव्हतं असं नाही. काय आहे ते तिला नीट माहीत होतं. पण त्या घडीला तिनं मनाशी म्हटलं, ती पोरं आता मोठी झाली, शाळेत गेली, कोण बघतंय त्यांच्या गाठी? आणि नाड्या माझ्याच आहेत की. आयोग काय ह्या जन्मी होत नाही.

तिनं चाळीस काढल्या. चिंध्या कात्रीनं कापल्या. ज्या गाठी सुटल्या त्या सोडवल्या, ज्या जुन्या होऊन घट्ट बसल्या होत्या त्या तशाच नेफ्यातून ओढून घेतल्या. चिंध्या मात्र फेकून द्यायला हात होईना. त्या एका फडक्यात बांधून तिनं गोणीच्या तळाशी ठेवल्या आणि गोणी परत वर टाकली. गाडी गेली. तीन दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा तिनं दोन रिळं आणली. रिळं हातात घेऊन घरी येताना तिला कळलं की ह्यांचा आता काही उपयोग नाही. दुकानात मिळते ती नाडी, गाठी काय दुकानात मिळतात?

सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ताईला छातीत दुखलं. डॉक्टरनं सांगितलं, त्रास देऊ नका, जिने चढू देऊ नका. धाकटीला ते सोयीचंच झालं, खरं सांगायचं तर. मूग गिळून बसली. आज सांगू, उद्या सांगू.

आणि मग एका दुपारी कारकून स्वतः घरी आला. घाम पुसत दारात उभा राहिला, म्हणाला, "ताई, झालं. आयोगाचा मसुदा आलाय. सुनावणी ठेवलीये. फक्त एक भानगड आहे." भानगड अशी की मसुद्यात लिहिलं होतं, तीन ते सहा वर्षांची मुलं. तीनच्या आतली नाहीत. तीनच्या आतलं पोर घरचं, पालिकेचं नाही, असं काही सभासदांचं म्हणणं. त्यातही एक जाड चष्म्याचे सभासद होते, ते म्हणत होते की पोरं लहानपणी बारीक असतातच, पुढं भरून निघतं. पुरावा असेल तर आणा.

ताई हसली. म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला? त्रेचाळीस नाड्या आहेत माझ्याकडं. दुसऱ्या वर्षाला जे खुंटलं ते सहाव्यापर्यंत भरून निघालं नाही, आंधळ्यालाही बोटांनी कळेल." धाकटी भिंतीच्या अलीकडं होती. तिनं मशीन सुरू केलं. त्यात कापडच नव्हतं.

तर असं सगळं होऊन ती सुनावणीची सकाळ उजाडली होती. ताईचे केस झाले. ती म्हणाली, "उतरव गोणी."

धाकटी म्हणाली, दोन जिने आहेत तिथं, डॉक्टरनं काय सांगितलंय, तू बस घरी, मी घेऊन जाते. ताईनं तिच्याकडं बघितलं. "तू? तू माप घेतानासुद्धा लोकांना हातानं वळवतेस. तोंड उघडत नाहीस. तू काय बोलणार सभासदांशी, हात वर करा?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की तिला खोकला आला. धाकटीनं गोणी उतरवली. वर तिनं भिंतीवरच्या चालू पोरांच्या नाड्या भरल्या, म्हणजे गोणी पोकळ वाटणार नाही. पाठ फिरवून भरल्या. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. तिनं मनाची समजूत घातली की सरकारी सुनावणी म्हणजे सही करायची, चहा प्यायचा आणि यायचं, गोणी कोण उघडतंय?

सभागृहात लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, मधे अध्यक्षबाई, बाजूला चार सभासद. कारकून कोपऱ्यात लिहायला. धाकटी शेवटच्या रांगेत. दोन जिने चढून ताईचे ओठ पांढरे झाले होते, पण उभी राहिली. तिनं आधी चालू पोरांच्या नाड्या टेबलावर मांडल्या, अध्यक्षबाईंची बोटं धरून गाठींमध्ये ठेवली. अध्यक्षबाई पुढं झुकल्या. सगळं गाडं रुळावर होतं. मग जाड चष्म्याचे सभासद म्हणाले, हे ठीक आहे, पण ह्यातलं एकही पोर अजून सहाचं झालेलं नाही, नाडी मधेच संपते. पुढं भरून निघालं की नाही, कशावरून?

"तेच दाखवते," ताई म्हणाली आणि गोणीत हात घातला.

एक जुनी नाडी आली. दुसरी आली. तिसरी आली. मग तिचा हात आत फिरत राहिला. धाकटीला शेवटच्या रांगेतून दिसत होतं, खांद्यापर्यंत हात आत गेला होता. आणि बाहेर आलं ते फडकं. ताईनं ते टेबलावर सोडलं. आत चिंध्या. लाल ठिपक्यांची, निळ्या पट्ट्यांची, पिवळ्या फुलांची. प्रत्येकीची एक कड कात्रीनं सरळ कापलेली. शिंप्याच्या कात्रीनं कापलेली कड वेगळी दिसते, ती बहिणीला ओळखू येणार नाही असं कसं होईल?

ताईनं मान वर केली आणि सगळ्या रांगा ओलांडून धाकटीकडं बघितलं. एकदाच. रागानं नाही. पोराच्या दोन गाठींत एकच बोट मावलं की आईकडं बघायची, तसं.

मग ती चिंध्या एकेक उचलून बोलायला लागली. निळ्या पट्ट्यांची, दीड वर्षाची असताना सहा महिन्यांत एक बोट. त्यानंतर बरी वाढली, पण तेवढं कमी पडलेलं कधीच भरलं नाही, शाळेत गेली तेव्हा वर्गात सगळ्यात पुढं बसवावी लागली. लाल ठिपक्यांचा, तो चालायला लागला आणि जुलाब लागले, तिथंच अडकला. असं एकेक. सगळी पोरं तोंडपाठ होती तिला. वीस-बावीस तरी सांगितली.

चष्मेवाल्या सभासदांनी ऐकून घेतलं. माणूस उद्धट नव्हता. म्हणाले, "बाई, तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे. पण मला नाडी दाखवा. तीन पोरांवरून गावाचा कारभार ठरवता येत नाही. बाकीच्या कुठं आहेत?"

"नाहीत," ताई म्हणाली.

"का नाहीत?"

"माझ्याकडून सांभाळल्या गेल्या नाहीत."

कोपऱ्यात कारकुनाचं लिहिणं थांबलं. मग त्यानं लिहिलं. काय लिहिलं ते धाकटीला नंतर कळलं. तोंडी निवेदन, पुरावा तीन.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. ताई त्यावर टेकली. गोणी कारकून आणतो म्हणाला. धाकटी समोर उभी, हात पदराआड धरावेत तसे पोटाशी धरलेले. म्हणाली, "ताई, त्या मी…"

"पाणी आण आधी," ताई म्हणाली. "मग सांग."

नळ खालच्या मजल्यावर होता. साखळीला बांधलेला पेला. धाकटीनं तो विसळला, परत विसळला. पाणी भरून वाहायला लागलं तरी ती नळाशी उभी होती. शब्द जुळवत होती. गाडी दारात होती हे आधी सांगावं का रीळ संपलं होतं हे आधी? तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, आयोगावर नव्हता, हे कसं सांगावं? साखळी सुटेना म्हणून शेवटी तिनं पाणी ओंजळीत घ्यायला बघितलं, मग समोरच्या चहावाल्याकडून ग्लास मागून आणला. किती वेळ गेला असेल? चार मिनिटं, पाच. पण त्यातली दोन तरी तिनं स्वतःहून लावली, हे तिचं तिला माहीत आहे.

वर आली तेव्हा कारकून बाकावर ताईच्या शेजारी बसला होता आणि एका हातानं तिचा खांदा धरून होता, म्हणजे ती कलंडू नये. त्यानं धाकटीकडं बघून नुसती मान हलवली. ताईची मूठ मिटलेली होती. घरी आणल्यावर बायांनी ती उघडली तर त्यात चिंध्या.

पोचवायला एवढी माणसं आली की गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. बऱ्याच जणांना धाकटीनं ओळखलं नाही. पोरं होती ती, आता मोठी झालेली. एक उंच मुलगी, एक बुटका मुलगा. धाकटी प्रत्येकाला डोक्यापासून पायापर्यंत बघत होती. लोकांना वाटलं दुःखानं तिचं भान गेलंय. ती मापं घेत होती.

पुढच्या महिन्यात आयोग झाला. बैल गेला नि झोपा केला, असंही म्हणता येत नाही, कारण झाला तो तीन वर्षांच्या पुढच्यांसाठीच. कारकून ठरावाची प्रत घेऊन आला. ठरावात ताईचे आभार मानले होते, वरून दुसऱ्या ओळीत. त्याच्या वरच्या ओळीत वय लिहिलं होतं. धाकटीनं बोट धरून वाचलं. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. गाडी, रीळ, कात्री, सगळं. जिला सांगायचं होतं तिला सांगता आलं नाही आणि हा बिचारा चहाचा कप धरून ऐकत बसला.

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ताईंना कळलं होतं का?"

"कळलं होतं."

"मग 'माझ्याकडून सांभाळल्या गेल्या नाहीत' असं का सांगितलं त्यांनी?"

धाकटीनं ठरावाच्या प्रतीची घडी घातली, परत उलगडली. जाताना त्यानं सांगितलं की वर्षानं फेरविचार होतो, त्या वेळी जे सापडेल ते आणा, चार असल्या तरी आणा.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात गेली. तिथला धोबी आडदांड माणूस, वाफेत उभा. तिनं विचारलं, गाठींच्या नाड्या कुठं आहेत? तो म्हणाला, बाई, पायजमे कधीच फाटले त्यातले निम्मे, चिंध्या करून फरशी पुसायला गेले. उरलेले कुठल्या वॉर्डात, कुठल्या कमरेला, देवाला माहीत. पण बघतो म्हणाला. ती आठवड्यातून एकदा जायला लागली, ताई पालिकेत जायची तशी. तोही आधी तिला बघून कपड्यांच्या ढिगाआड व्हायचा.

पोरं येत राहिली. आयांना दुसरीकडं जागाच नव्हती. एका आईला हाताशी धरून धाकटीनं खोली चालू ठेवली, मशीन तिकडंच हलवलं. आता रडारड झाली की ती मशीन थांबवते. मापं तिचीच बरोबर येतात, जन्म त्यातच गेला. पण आईला खाली बसवून विचारणं तिला जमत नाही. ती नाडी हातात देते आणि गप्प उभी राहते.

परवा दुपारी पोरं झोपलेली असताना धोबी दारात आला. त्यानं खिशातून एक नाडी काढून मशीनवर ठेवली. धुऊन धुऊन राखाडी झालेली, पाच गाठी दगडासारख्या आवळलेल्या. म्हणाला, पेशंट शिव्या घालत होता, गाठ नेफ्यात अडकते म्हणून, तेव्हा लक्षात आलं.

धाकटीनं ती सरळ केली. पहिल्या आणि दुसऱ्या गाठीत तीन बोटं. दुसऱ्या आणि तिसऱ्यात एक. तिनं चिंध्या जपून ठेवलेला डबा उघडला, एकेक चिंधी नाडीच्या कापलेल्या टोकाला लावून बघितली. लाल लावली, निळी लावली, पिवळी लावली. सगळ्याच कडा सरळ कापलेल्या, सगळ्याच बसत होत्या. कुणाची होती ते ताईनं नुसतं बोटानं चाचपून सांगितलं असतं. शेवटी तिनं ती चिंधीशिवायच मोकळ्या खिळ्यावर टांगली.

धोबी अजून उभाच होता. ती त्याच्याकडं बघायला लागली तसा तो संकोचला, म्हणाला, "बाई, ह्याच्या बदल्यात दुसरी द्याल का? तो माणूस तिकडं पायजमा हातात धरून बसलाय."

धाकटीनं रीळ ओढलं, हातानं मापून नवी नाडी कापली, सुटू नये म्हणून दोन्ही टोकांना गाठ मारली आणि त्याच्या हातात दिली.